चौसष्ट जिवांचा कोट

२ नोव्हेंबर

वहिनी,

आशीर्वाद. या पत्रामागून एक भलंमोठं पुडकं येईल. टपालवाल्यावर ओरडू नकोस, ते मीच पाठवलं आहे. आत आईचा फरचा कोट आहे, म्हणजे तुझ्या सासूबाईंचा.

मागच्या हिवाळ्यात छाती भरून तू तीन आठवडे अंथरुणाला खिळली होतीस, हे तू मला कळवलं नाहीस. धाकट्याने कळवलं. तो लिहितो, "ताई, ही सुती कोटावर शाल गुंडाळून पहाटे प्रार्थनेला जाते आणि येताना देवाचा प्रसाद म्हणून खोकला घेऊन येते." त्याचं बोलणं नेहमीचंच वाकडं, पण काळजी सरळ आहे.

तुला कातड्याच्या वस्तूचा तिटकारा आहे, हे मला ठाऊक आहे. लग्नात तू कातडी चपलांऐवजी दोरीच्या घालून उभी राहिलीस आणि आमच्या फरच्या दुकानातल्या सगळ्या कारागिरांनी माझी महिनाभर थट्टा केली, तेही विसरले नाही. पण हा कोट विकतचा नाही. चोवीस वर्षांची असताना मी तो शिवला, आईसाठी. दुकानाचं काम आटोपलं की मागच्या टेबलावर बसायची. आमचे हे, म्हणजे तुझे भावोजी, म्हणायचे, "पुरे आता, डोळे फोडून घेशील." आईने तो बावीस हिवाळे घातला. ती गेल्यावर माझ्या कपाटात आला तो तिथेच आहे. कपाटाला कसली थंडी वाजते? तुला वाजते.

तेव्हा मुकाट्याने घाल. आठवड्यातून एकदा झटकायचा, रुंद दातांच्या फणीने केसांच्या दिशेने विंचरायचा, बास. बाकी त्याला काही लागत नाही.

तुझी,
वन्सं

१५ नोव्हेंबर

ती. वन्सं,

इथूनच वाकून नमस्कार करते. कंबर धरली आहे, म्हणून अर्धीच वाकले. उरलेला अर्धा नमस्कार भेटीत.

पुडकं सुखरूप आलं. बाहेरचा कागद आणि सुतळी जपून ठेवली आहे, पुढेमागे उपयोगी पडेल.

खरं लिहू? पुडकं सोडलं आणि माझा हात आत गेला तो मनगटापर्यंत. आणि काढवेना! आधी गार लागलं, मग पाण्यात हात बुडवून ठेवल्यासारखं मऊ, मग एकदम ऊब. कॉलर उचलून गालाला लावली. हे कामावरून आले तेव्हा मी दारातच तशी उभी. म्हणाले, "कोण आलंय गं?" मी म्हटलं, "सासूबाई." यावर यांनी हातातला डबा खाली ठेवला आणि कॉलरची दुसरी बाजू स्वतःच्या गालाला लावली.

मग मी बाहीत हात घातला. आणि वन्सं, अंगावर काटा आला. वाटलं, आपण कुणाच्या तरी पाठीत हात घालतोय. जी ऊब मला इतकी गोड लागली ती आधी कुणाची तरी होती, आणि त्याने ती आपण होऊन दिलेली नव्हती. तुमच्या हातच्या वस्तूला नावं ठेवत नाही. पण विचारल्याशिवाय राहवत नाही, किती जीव लागले असतील हो याला?

नाही म्हणून परत पाठवावा तर तुमचं मन मोडेल, आणि सासूबाईंची वस्तू दारातून परत लावली असं होईल. घालावा तर त्याच अंगाने देवापुढे कशी बसू? दोन दिवस विचार केला. आता ठरवलं आहे की कोट आधी नीट शुद्ध करून घ्यायचा, मग त्याला घरात मान द्यायचा. परकं काहीही मी तसं केल्याशिवाय आत घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
वहिनी

२७ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. "सासूबाई"ला सगळे हसले, आणि पाठीत हात घातल्याचं वाचलं तेव्हा कुणी हसलं नाही. कारागीर आपापल्या पात्याकडे बघायला लागले.

कर बाई शुद्ध. शिंपड काय शिंपडायचं ते, म्हण काय म्हणायचं ते. देवाला चालत असेल तर मला काय!

किती जीव, ते आता आठवत नाही. पन्नासेक असतील. मुंगसाएवढं जनावर, नदीकाठी राहणारं. त्यातलं एकही कातडं पहिल्या प्रतीचं नव्हतं, दुकानाने बाजूला टाकलेली कातडी मी जमवली होती. तुला आमच्या कामाची एक गोष्ट सांगते. फर कधी कात्रीने कापत नाहीत. कात्रीने केस तुटतात. कातडं पालथं घालायचं, केस खाली, आणि मागून पात्याने नुसती रेघ मारायची. त्यामुळे दिवसभर आमच्यासमोर असतं ते पांढरं, कागदासारखं. जनावर खाली असतं, टेबलाकडे तोंड करून. चाळीस वर्षं मी जनावर पालथंच बघितलं. तुझा प्रश्न वाचला आणि पहिल्यांदा मनात आलं, ही पद्धत केस वाचवायला काढली की आम्हाला वाचवायला?

पण मीही ऐकून घेणारी नव्हे. तुझ्या देवाच्या कोपऱ्यात आईचं ते स्तोत्रांचं जाड पुस्तक आहे ना, रोज कपाळाला लावतेस ते? तपकिरी बांधणीचं? ते वासराचं कातडं आहे, वहिनी. उत्तम कमावलेलं. मी हात लावून सांगते. तीस वर्षं तू वासरू कपाळाला लावते आहेस!

रागावू नकोस. कोट घाल.

तुझी,
वन्सं

१० डिसेंबर

ती. वन्सं,

नमस्कार. पत्र पोचलं. पुस्तकाचं वाचून मी दोन दिवस त्याला हात लावला नाही. पाठ असलेली स्तोत्रं तेवढी म्हटली. तिसऱ्या दिवशी पाठ नसलेलं आलं, मग काय करणार?

इथे थंडी चांगलीच पडली आहे. नळ सकाळी गोठलेला असतो. यांच्या कारखान्यात पंपांची कामं वाढली आहेत, पाइप फुटतात ना. माझी तब्येत बरी आहे, काळजी नसावी. खोकला आहे, पण तो या दिवसांत सगळ्यांनाच असतो.

कोट बरा आहे. खुंटीवर आहे.

जास्त लिहीत नाही, कागद संपत आला. पन्नास नव्हे, चौसष्ट आहेत.

तुमची,
वहिनी

२२ डिसेंबर

वहिनी,

कागद संपत आला म्हणतेस आणि अर्धं पान कोरं! तू, जी समासातही आडवं लिहितेस! काहीतरी लपवते आहेस. खोकला असणार. डॉक्टरकडे जा.

आणि चौसष्ट कसे कळले तुला? वरून कुणालाही मोजता येणार नाही, मलाही नाही. अस्तर उसवल्याशिवाय आतली कातडी दिसतच नाहीत. म्हणजे तू अस्तर उसवलंस. मोजण्यासाठी? धन्य आहेस! मग तुला निळा दोराही दिसला असेल. तो आजवर माझ्याशिवाय कुणी पाहिला नव्हता.

त्याचंच आता सांगायचं आहे. खाली बस आणि वाच.

आमच्या कारागीर संघाने ठरवलं आहे की उस्तादाची सनद यापुढे बायकांनाही द्यायची. यापुढे! चाळीस वर्षं मी शिवते, अर्ध्या शहराच्या अंगावर माझे टाके आहेत, पण प्रत्येक कोटाच्या गळ्याशी पट्टी आहे ती तुझ्या भावोजींच्या नावाची. ते वाईट नव्हते गं. पण दुकानाचा दोरा पांढरा होता आणि पट्टी त्यांची होती. ते गेल्यापासून चार वर्षं मी दुकान चालवते, तरी संघाच्या वहीत मी "दुरुस्तीवाली बाई" आहे. सनद नसेल तर नवा कोट स्वतःच्या नावाने विकता येत नाही, शिकाऊ मुली ठेवता येत नाहीत. अध्यक्ष परवा भेटले. म्हणाले, "बाई, कशाला त्रास? शिवणं वेगळं, उस्तादी वेगळी."

परीक्षा बारा फेब्रुवारीला. दोन वस्तू दाखवायच्या. एक नवी, आणि एक जुनी, किमान वीस वर्षं वापरलेली, स्वतःच्या हातची, स्वतःच्या खुणेची. उस्तादाचं काम नवं असताना नाही, जुनं झाल्यावर कळतं, असा आमच्यात नियम आहे. आणि वहिनी, माझ्या हातची खूण असलेली जुनी वस्तू या जगात एकच आहे. तो कोट मी दुकानाच्या दोऱ्याने शिवला नाही. मी माझा निळा दोरा आणला होता आणि वरून अस्तर घातलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून.

जानेवारीच्या मध्यापर्यंत कोट परत पाठव. परीक्षा झाली की पुन्हा तुझा. माझ्या आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलं नाही, हे पहिलंच.

तुझी,
वन्सं

३ जानेवारी

ती. वन्सं,

हे पत्र मी सात वेळा लिहायला बसले. देवाने बुद्धी दिली आहे तेवढ्यात लिहिते.

कोट मी धुतला.

मी "शुद्ध करून घेते" लिहिलं तेव्हा तुम्हाला वाटलं पाणी शिंपडेन. वन्सं, आमच्या घरात कपडा धुतल्याखेरीज शुद्ध होत नाही. मी आधी अस्तर उसवलं, त्याचा रंग लागू नये म्हणून. मग मोठ्या बादलीत कढत पाणी घेतलं, साबण किसून घातला, चांगला फेस केला. वाटलं, केवढी हुशार मी.

अस्तर काढल्यावर ती सगळी दिसली. ओळीने निजल्यासारखी. एकेकाचा आकार वेगळा. एकाच्या पाठीवर बारकासा वण होता, कुठे काटेरी कुंपणाला घासलं असेल जिवंतपणी. मला पुढे धुववेना. म्हणून मी एकेकाला हात लावून देवाचं एकेक नाव घेतलं. नावं मोजायची सवय आहे, म्हणून जीवही मोजले गेले. चौसष्ट. हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर चौसष्ट रेघा ओढल्या. त्यांची मोजदाद कुठेतरी असावी असं वाटलं. मग हलकं वाटलं, आणि कोट बादलीत घातला.

दोन दिवस दोरीवर होता. गल्लीतली कुत्री खाली बसून वर बघत भुंकत होती. तिसऱ्या दिवशी काढला तर तो दोरीच्या आकाराचा झाला होता. वाकेना. मी गुडघ्यावर धरून वाकवला तर फटकन आवाज आला, आणि माझ्या काळजातही तसाच आला. तेल चोळलं. वाफ दिली. जितकं करावं तितका तो जास्त रागावला. हे म्हणाले, "आता त्याला बिजागऱ्या लाव, कपाटाला दार होईल." मी रडायलाच लागले.

मी तुम्हाला खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. "खुंटीवर आहे" लिहिलं. तो खुंटीवर टांगता येत नव्हता, खुंटीला टेकून उभा होता.

मी जीव वाचवायला निघाले आणि तुमच्या आयुष्यातलं एकुलतं एक स्वतःचं म्हणावं असं काम मारलं. कोट आज पाठवते आहे. तुम्ही म्हणाल तर संघाच्या अध्यक्षांपुढे येऊन सांगेन की दोष माझा. माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

वहिनी

१६ जानेवारी

पार्सल मिळालं. टेबलावर ठेवलं तर लाकडासारखं वाजलं.

चौतीस वर्षं मी तो कोट जपला. कसर लागू दिली नाही, ऊन लागू दिलं नाही. साबण! कढत पाणी! लहान पोरालाही कळतं गं.

उघडून बघवलं नाही. पुन्हा बांधून माळ्यावर टाकला आहे. अर्ज मागे घेणार आहे. सध्या मला लिहू नकोस.

२९ जानेवारी

ताई,

मी धाकटा. तू हिला लिहू नकोस म्हणालीस, मला नाही म्हणालीस, म्हणून लिहितो.

ही अंगात जाड काही घालत नाही. म्हणते, "माझी शिक्षा मी ठरवली आहे." खोकते आणि जप करते. मी म्हटलं, देवाला ऐकू येऊ दे तरी, मधे खोकू नकोस. हसली नाही.

मला कातड्यातलं काही कळत नाही. पण पंधरा वर्षं मी फुटलेले पंप उघडतो, त्यातलं एक सांगतो. फुटलेली वस्तू समोर आली की आम्ही आधी रडत नाही. ती कुठे फुटली ते आधी बघतो. पत्रा फुटला आणि सांधा शाबूत असेल, तर पत्रा देणाऱ्याला बोलावतात आणि सांधणाऱ्याची पाठ थोपटतात. सांधाच उघडला असेल तर सांधणाऱ्याची हजामत.

कोट बांधून पाठवताना मी तो उजेडात धरला होता. अकरा ठिकाणी फुटला आहे. मी फटी मोजल्या, घरात मोजायची साथ आली आहे. अकराच्या अकरा फटी पांढऱ्या भागात आहेत. निळ्या दोऱ्यावर एकही नाही.

ताई, तो माळ्यावरून काढ. तू तो केसांच्या बाजूने बघत असशील. आतून बघ.

तुझा,
धाकटा

२२ फेब्रुवारी

माझ्या वहिनी,

सनद मिळाली! वर तारीख आहे, शिक्का आहे, आणि "उस्ताद" या शब्दापुढे बाईचं नाव लिहायचा कारकुनाला सराव नव्हता म्हणून शाईचा एक डागही आहे. तो डाग मी खोडून देणार नाही म्हटलं, राहू द्या.

आता सावकाश सांगते. सावकाश सांगणं मला जमत नाही, पण हे सांगेन.

धाकट्याचं पत्र आल्यावर मी शिडी लावून माळ्यावर चढले. कोट खिडकीपाशी नेला, उलटा केला, भिंग घेतलं. अकरा फटी. एकही शिवणीवर नाही. कातड्याच्या शिवणीची गंमत अशी आहे की टाके फार जवळजवळ घातले तर कातडं त्याच रेषेवर फाटतं, टपालाच्या तिकिटासारखं. लांब घातले तर उसवतं. नेमकं अंतर कुठल्याही पुस्तकात नाही, बोटांत असतं. चोवीस वर्षांच्या पोरीच्या बोटांत ते होतं, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या पोरीसाठी रडले, कोटासाठी नाही.

परीक्षेला आम्ही पाच जण. चार पुरुष. त्यांचे जुने कोट असे चमकत होते की हात लावायला भीती वाटावी. मी आपला काखेत धरून नेला, घडी कुठली होणार! टेबलावर ठेवला, पालथा, केस खाली. खाडकन वाजला. हसण्याची लाट आली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हा कोट आहे की दार?"

मी म्हटलं, "दार. आत या आणि बघा."

"काय झालं याला?"

"माझ्या वहिनीने कढत पाण्यात साबण घालून धुतला. दोन दिवस दोरीवर वाळवला."

आता हसणं थांबेचना. एकाने टेबलावर डोकं ठेवलं. परीक्षकांत एक फार म्हातारे उस्ताद आहेत, त्यांना कानाने कमी ऐकू येतं. ते न हसता उठले, भिंग लावून बघायला लागले. मग त्यांनी कोटाची एक बाजू माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः धरली, म्हणाले, "ओढा." मी ओढलं. कातडं फाटलं, शिवणीपासून बोटभर लांब. "पुन्हा." पुन्हा कातडंच फाटलं. निळा दोरा हललाही नाही. पाच वेळा ओढलं आम्ही, वहिनी, दोन म्हातारी माणसं रस्सीखेच खेळल्यासारखी.

मग ते बाकीच्या चौघांकडे वळले आणि बहिरी माणसं बोलतात तसं ओरडून म्हणाले, "आता कुणाला आपला कोट बादलीत घालायचा आहे?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

आणि अजून संपलं नाही. शेवटी प्रत्येकाला एक जुना प्रश्न विचारतात. आपल्या वस्तूत किती कातडी लागली? उस्तादाला माहीत असायला हवं. पहिला म्हणाला, "साठ-सत्तर." दुसरा म्हणाला, "वही दुकानात राहिली." तिसऱ्या-चौथ्याने नुसता अंदाज सांगितला. मी म्हटलं, "चौसष्ट. त्यातल्या एकाच्या पाठीवर कुंपणाला घासल्याचा वण होता." म्हाताऱ्यांनी भिंग फिरवून तो वण शोधून काढला. माझ्याकडे बघितलं ते कसं, ते मला लिहिता येत नाही.

ते उत्तर माझं नव्हतं, वहिनी. मी पन्नासेक म्हटलं होतं. ते तू मोजलं होतंस, एकेक नाव घेऊन.

नवी वस्तू म्हणून मी काय दाखवलं, ते वेगळ्या पुडक्यातून तुझ्याकडे येतं आहे. ते घालायचं. त्याला धुतलंस तरी चालेल!

आता दुकानाचं. नवं कातडं यापुढे घ्यायचं की नाही, यावर माझं मन अजून ठरत नाही. खोटं कशाला लिहू? थंडीत बाहेर उभं राहून काम करणारी माणसं माझ्याकडे येतात, त्यांना त्याच्याइतकं उबदार दुसरं काही मी दाखवू शकत नाही. आणि नुसतं मिरवायला घेणारेही येतात. पण एक ठरवलं. माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कोटाच्या अस्तरावर, आत नव्हे, वर, घालणाऱ्याला रोज दिसेल असा, निळ्या दोऱ्याने आकडा घालणार. किती जीव, तेवढा आकडा. काल एका बाईंनी आकडा बघितला आणि कोट तिथेच ठेवून गेल्या. एका चौकीदाराने त्यावरून बोट फिरवलं, टोपी काढली, आणि मग घातला. दोघांवरही मला राग आला नाही.

परवा दोन शिकाऊ मुली कामाला लागल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना पातं दिलं नाही. कातडं सुलटं ठेवलं, केस वर, म्हटलं, आधी बघा.

दुकानावर नवी पाटी लागली आहे. अक्षरं निळी.

सोळा जानेवारीचं पत्र चुलीत घाल.

तुझी,
वन्सं, उस्ताद

८ मार्च

ती. उस्ताद वन्सं,

आज पूर्ण वाकून नमस्कार! कंबर सुटली. तुमचं पत्र यांनी मोठ्याने वाचलं. "दार. आत या"पाशी ते स्वतःच टाळ्या वाजवायला लागले, आणि रस्सीखेचपाशी खुर्चीवरून उठले. आता जो येईल त्याला सांगतात, "माझ्या बहिणीची सनद माझ्या पंपांमुळे आली." मी म्हणते, माझ्या साबणामुळे. भांडण अजून मिटलेलं नाही.

पुडकं आलं. यावेळी हात आत घालायच्या आधी मी डोळे मिटले. तोच मऊपणा! घाबरून उघडले. मग तुमची चिठ्ठी वाचली, की ही लोकर आहे, मेंढ्या जिवंत आहेत, तुम्ही स्वतः कळपवाल्याकडे जाऊन बघून आलात, आणि बटणं शिंगाची नसून लाकडाची आहेत कारण वहिनी विचारणार. विचारणारच होते! अस्तर उलटून बघितलं तर निळ्या दोऱ्याने गोल काढलेला. शून्य. वन्सं, इतकं सुंदर शून्य मी माझ्या वह्यांत कधी काढलं नाही.

तो लोकरीचा कोट घालून पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत नुसतीच गेले आणि आले. काही काम नव्हतं. कुत्री भुंकली नाहीत. प्रार्थनेला छाती पुढे काढून बसले, एकदाही खोकले नाही. शेजारच्या म्हणाल्या, "आज तुमचा आवाज लागला हो." मी म्हटलं, "आमच्या वन्सं उस्ताद झाल्या."

माझंही एक ठरवलेलं सांगते. ते स्तोत्रांचं पुस्तक. बांधणी काढून टाकावी असं आधी मनात आलं. मग वाटलं, तीस वर्षं त्याने माझी स्तोत्रं धरून ठेवली, आता त्याला फेकणं हा कुठला धर्म? म्हणून त्याला हात लावून देवाचं एक नाव घेतलं, आणि वहीत त्या चौसष्टांच्या खाली एक रेघ वाढवली. पुस्तकाला जुन्या चादरीची खोळ शिवली. तुमच्या या पुडक्यात आतल्या कागदाला निळा दोरा गुंडाळलेला होता, तो जपून ठेवला होता. त्याने खोळीवर आकडा घातला आहे. एक.

टाका वेडावाकडा आला आहे. तुम्ही बघितलात तर सनद परत कराल. पण मी दोन्ही हातांनी धरून ओढून बघितला, वन्सं. निघत नाही.

तुमची,
वहिनी